सारजाबाईचे तीन टोले

आमच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून समोरची इमारत इतकी जवळ दिसते की तिथल्या माणसांच्या डब्यात कोणती भाजी आहे तेही सांगता यावं. मोशीत आता सगळीकडे असंच झालंय. दोन-तीन वर्षांपूर्वी तिथे मेथीचे वाफे होते. मग चहूबाजूंनी पत्रे ठोकले गेले आणि यंदा संक्रांतीपर्यंत नववा मजला चढला. बाहेरून गिलावा करायचा म्हणून पावसाळ्यापासूनच, मजल्यामागून मजला, इमारतीभोवती लोखंडी पायपांची परांची बांधायचं काम चाललं होतं. ती बांधणारे सोळा गडी दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर पायपांवर चढत-उतरत असायचे. पोळ्या लाटताना नजर कुठेतरी टेकवावी लागते. माझी तिथे टेकली.

गड्यांच्या अंगावर सेफ्टी बेल्ट असायचे. बेल्टाला दोरी, दोरीच्या टोकाला हूक. हूक पायपात अडकवला की पाय सुटला तरी माणूस लोंबकळून वाचतो, एवढं मलाही कळत होतं. पण हूक कुणी अडकवत नव्हतं. मग कधीतरी खालच्या गेटवरून लोखंडावर लोखंड आपटल्याचे तीन टोले यायचे, टण-टण-टण, आणि सोळाच्या सोळा हात पाठीमागे जाऊन हूक पायपात बसायचे. पाच मिनिटांत एक पांढरी गाडी आत शिरायची. डोक्यावर हेल्मेट घातलेली एक तरुण मुलगी उतरायची, मान वर करून फिरायची, कधी शिडीने वर जाऊन एखाद्याची दोरी ओढून पाहायची, काही लिहून घ्यायची. गाडी वळली, तिची धूळ खाली बसायच्या आत हूक पुन्हा सुटलेले.

शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा आमचे गुरुजी असेच पंखे पुसायला लावायचे, त्याची आठवण झाली आणि मी हसले. त्या वेळी हसले, हे खरं.

मग एका मंगळवारी तीन टोले पडले आणि गाडी आलीच नाही. हूक लागले, पंधरा मिनिटं राहिले, सुटले. गुरुवारी पुन्हा तसंच. शुक्रवारी वारा सुटला होता; त्या दिवशी तर दोनदा. गाडी नाही. मी भाजी निवडता निवडता रस्ता पाहत बसले. मी कशाच्या तरी मागे लागले की लागलेच. घरचे त्याला वेगळं नाव देतात.

शनिवारी वाळत घातलेल्या सांडग्यांवर सिमेंटची पूड बसली होती. ते ताट घेऊनच मी साइटच्या गेटवर गेले. तिथे पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. नऊवारी, त्यावर नारिंगी जाकीट, डोक्यावरच्या पदरावर पिवळं हेल्मेट. शेजारच्या बाभळीला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला आणि मांडीवर लोखंडी सळई.

"हे बघा," मी ताट पुढे केलं.

"बोलायचं तर मोठ्यानं बोला ताई, ह्या मिक्सरापुढं आमाला देवाचं बी ऐकू येत न्हाई." त्यांनी सांडग्यांकडे पाहिलं. "मुगाचं व्हय? धुऊन परत वाळवा. मी पाणी मारायला सांगते मातीवर. सांगते म्हंजे, ऐकतील तवा ऐकतील."

त्या सारजाबाई. चाकणच्या पलीकडच्या वाडीतून रोज सकाळी बसने यायच्या. आलेल्या गड्यांना हेल्मेट वाटायची, संध्याकाळी मोजून परत घ्यायची, डंपरची चाकं धुवायची आणि जेवण-चहाचे टोले द्यायचे, हे त्यांचं काम. जेवणाला एक, चहाला दोन.

"आणि तीन कशाचे?" मी विचारलं.

त्यांनी सळई मांडीवरून काढून खाली ठेवली. "तुमी मोजता व्हय?"

"मंगळवारी गाडी आली नव्हती. गुरुवारीही नाही. काल दोनदा."

बाई उठल्या आणि चाकं धुवायला गेल्या. डंपर तर अजून आलाच नव्हता.

दोन दिवस मी चहाचा थर्मास घेऊन जात राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घोट घेतला आणि एकदम सुरू झाल्या, जणू मध्ये दोन दिवस गेलेच नव्हते.

"आमचं मालक, चिमाजी, तिकडं एका कंपनीच्या शेडवर पत्रं बदलायला गेलं व्हतं. पत्र्यामधी एखादा पलाष्टिकचा असतो न्हाई का, उजेडासाठी? त्याच्यावर धूळ साचली की समदं सारखंच दिसतं. त्यावर पाय पडला. बेल्ट व्हता ताई अंगावर. हूक बी लावल्याला व्हता."

"मग?"

"हूक त्यांच्याच बेल्टाला लावल्याला. गुडघ्याला आपटतो म्हनून. समदं असंच करत्यात. खालनं बगनाऱ्याला वाटतं, बांधल्याला हाय. मानूस खाली आला, आन हूक जिथल्या तिथं." त्यांनी कपातली साय बोटाने काढून झटकली. "खुबा मोडला. आता घरात बसून असत्यात. टीव्हीतल्या मानसांना शिव्या देत्यात."

आणि त्या सोळा गड्यांतला एक, उजव्या कोपऱ्यावरचा, निळ्या शर्टाचा, सगळ्यांत चपळ, तो त्यांचा मुलगा गोरक्ष होता. लग्न होऊन दोन वर्षं झालेला. बापाचं सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. आणि हूक बापासारखाच, स्वतःच्या बेल्टाला.

तीन टोल्यांची सोय रहिमानमुकादमाची होती. रहिमान लातूरकडचा, परांचीच्या टोळीचा म्होरक्या, चाळिशीचा, बोलायला गोड. पांढऱ्या गाडीतल्या त्या सेफ्टीच्या वर्षालीमॅडम कधीही येत. वर लटकलेला माणूस मोबाइल कसा बघणार? म्हणून त्याने सांगून ठेवलं होतं, "मावशी, पांढरी गाडी वळनावर दिसली की तीन हाना. बाकी तुमाला काही विचारनार नाही." हूक लावत, काढत, पुन्हा लावत काम केलं की दिवसाला एक ओळ कमी बांधली जाते आणि ठेकेदाराची बोलणी रहिमानला खावी लागतात, हेही त्याने सांगितलं होतं. लपवलं नव्हतं.

सारजाबाई सहा महिने इमानाने टोले देत राहिल्या. मग एका दिवशी वळणावर पांढरी गाडी दिसली, त्यांनी तीन हाणले, आणि गाडी सरळ आमच्या सोसायटीत शिरली. कुणाचे तरी पाहुणे होते.

"मला वाटलं, आता मुकादम ओरडतोय. वर बगते तर समदी बांधल्याली. माझं पोरगं बी, मॅडम दोरी वढून बगतात म्हनून पायपालाच बांधल्यालं. मी भाकरी खाल्ली ताई. सहा म्हयन्यांत गेटवर बसून पयल्यांदा मला घास गेला. मंग मी..." 

"मग तुम्ही रोजच गाडी आणायला लागलात."

बाई हसल्या. हसताना पदर तोंडावर धरला, आणि डोळे वर, नवव्या मजल्याकडे.

यात माझा हात कसा शिरला तेही सांगायला हवं. रस्त्याच्या बाजूला नुकतीच हिरवी जाळी लावली होती, त्यामुळे गेटवरून आता वरचं नीट दिसत नसे. आमच्या बाजूला जाळी अजून यायची होती. "तुमच्या खिडकीतनं दिसतो का वो माझा गोरक्ष?" त्यांनी विचारलं, आणि मी माझा नंबर दिला. ठरलं असं, की गोरक्ष अगदी कडेला, न बांधता दिसला की मी मिस कॉल द्यायचा. कॉल आला की त्या टोले देणार.

मला वाटलं, केवढं शहाणपण केलं. पण ज्याला दिसतं त्याच्या हाताला दम नसतो. आधी दिवसातून एकदा. मग दोनदा. फोडणीत मोहरी टाकली की नजर कोपऱ्यावर, निळा शर्ट वाकलेला, की माझा अंगठा फोनवर. कढई करपायची. रात्री अंथरुणावर पडलं तरी पायप दिसायचे. सारजाबाईंचं तर विचारू नका. त्या बसेनाशाच झाल्या. रुळाभोवती फिरायच्या, सळई या हातातून त्या हातात, डबा उघडायच्या आणि तसाच झाकायच्या.

टोले वाढले तसे वरचे हात मंदावले. सोळांपैकी चौदा हूक लागले. मग अकरा. मग सात. गडी एकमेकांना ओरडून सांगायचे, ते मला खिडकीतही ऐकू यायचं:

"आली रे आली, मावशीची भुताची गाडी!"

"बसवा तिला, चहा पाजा!"

"राव, मॅडमचा पगार वाढला काय, रोजच येतीय!"

सर्वांत आधी हूक लावायचं सोडलं ते गोरक्षने. एकदा जेवायच्या सुट्टीत मी गेटवर असताना तो खाली आला. उंचापुरा, हसरा, केसांत सिमेंट.

"आई, तुझं डोळं तपासून आणू का? चाकणात शिबिर हाय फुकटाचं."

"माझं डोळं चांगलं हायत. तुझा हूक कुठं हाय?"

"हा काय." त्याने कमरेकडे बोट दाखवलं. हूक तिथेच होता, बेल्टाच्या कडीत, चकचकीत.

"त्यो तुझ्या बापाचा हूक हाय."

गोरक्षचं हसू गेलं. "दादांचं नाव काढू नगंस. त्यांचा पाय पलाष्टिकवर पडला. हितं पलाष्टिक हाय का? पंधरा वर्सं चढतोय मी. ही पोरं बगत्यात, मुकादमाची आई गेटवर न्हाई, माझीच हाय. मला काय म्हनत्यात ठाव हाय? दुधखुळा." आणि माझ्याकडे वळून, अदबीनेच, "ताई, तुमी शिकलेल्या. तुमी तरी सांगा हिला."

मी काय सांगणार? माझ्या पिशवीत तो फोन होता. मी म्हटलं, "हूक लावला तर काय बिघडतं?" तो फक्त मान हलवून पाणी प्यायला गेला.

त्या दिवसापासून सारजाबाईंनी टोले जपून द्यायचे ठरवलं. "दिवसाला एकच," त्या म्हणाल्या, "येकच. तुमी बी फोन आवरा." मी आवरला. दोन दिवस आवरला. तिसऱ्या दिवशी बुधवार होता, वारा होता, परांचीवरच्या फळ्या वाजत होत्या, आणि गोरक्ष आठव्या मजल्याच्या कोपऱ्यावर एका पायावर उभा राहून लांबचा पायप ओढत होता. मी सकाळी दहाला कॉल केला. साडेअकराला पुन्हा केला. दोन्ही वेळा टोले पडले. दोन्ही वेळा एकही हूक हलला नाही.

बाराला पुन्हा तीन टोले. मी कॉल केला नव्हता. वळणावर खरंच पांढरी गाडी होती.

सारजाबाई वाजवत होत्या. तीन, पुन्हा तीन, पुन्हा तीन. वरून कुणीतरी शीळ घातली. कुणीतरी "चहा पाजा" म्हणालं. गाडी आत शिरली, मॅडम उतरल्या, त्यांनी मान वर केली, आणि सोळाच्या सोळा गडी सुटे, वाऱ्यात, आपापल्या कामात.

मी गॅस बंद केला आणि चप्पल घालायचं विसरून खाली धावले.

मी पोचले तेव्हा काम थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं होतं. मिक्सर बंद असल्यामुळे कधी नव्हे ती शांतता होती. वर्षालीमॅडम सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, आवाज चढवत नव्हती, पण हातातल्या वहीवर बोट आपटत होती. "आजचं काम बंद. पूर्ण टोळीचं. मला सोळापैकी शून्य दिसले. शून्य." गडी मातीकडे पाहत उभे. बुडालेल्या रोजाचा राग प्रत्येकाच्या तोंडावर, आणि तो मॅडमवर नव्हता.

"मावशी," एक जण म्हणाला, "आता खरंच लांडगा आला बघा."

रहिमान सारजाबाईंजवळ गेला. हळू बोलला तरी ऐकू आलंच. "मावशी, मी तुम्हाला आईसारखं मानलं. इतक्या येळा खोटं कशाला वाजवलं तुमी? आज खरं वाजवलं तर कोन ऐकनार?"

"कसले टोले?" मॅडमनी विचारलं.

 सारजाबाई म्हणू शकल्या असत्या की मुकादमाने सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्या रहिमानकडे पाहत नव्हत्या, मॅडमकडेही नाही. त्या हेल्मेटांच्या लाकडी पेटीकडे पाहत होत्या; खाली उतरलेल्या कुणीतरी आपला बेल्ट काढून तिच्यावर टाकला होता. शेवटी रहिमानच म्हणाला, "मीच सांगितलं होतं मावशीला, मॅडम. तुमची गाडी दिसली की वाजवायला."

"ते मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यापासून ऐकते आहे. गेल्या महिन्यात कितीतरी वेळा मी नुसती वळणापर्यंत येऊन परत गेले आहे. म्हटलं, तेवढी पंधरा मिनिटं तरी बांधलेले राहतील."

मला हसू फुटणार होतं आणि फुटलं नाही. म्हणजे वळणावरून परत फिरणाऱ्या सगळ्याच गाड्या पाहुण्यांच्या नव्हत्या; आम्ही तिघी जणी एकच रूळ बडवत होतो, आणि आम्हा दोघींचा तिला, तिचा आम्हाला पत्ता नव्हता.

हे बोलणं चाललं असताना सारजाबाई तिथून कधी निघाल्या ते कळलंच नाही. आधी गोरक्षला दिसलं. "आई!" तो ओरडला.

बाई शिडीवरून पहिल्या फळीवर चढल्या होत्या. दोन पुरुष उंची, फार नाही. चिमाजी ज्या शेडवरून पडले तीही काही फार उंच नव्हती. नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, नारिंगी जाकिटावर कुणाचा तरी बेल्ट चढवलेला, मोठा, खांद्यावरून घसरणारा. शिडीपासून दहा पावलं पुढे, फळीच्या अगदी कडेला त्या उभ्या होत्या आणि वाऱ्याने पदर उडत होता.

"सारजाबाई, खाली या," मॅडम म्हणाल्या.

"काळजी करू नगा मॅडम. मी बांधल्याली हाय." त्यांनी कमरेवर हात ठेवला. "बगा की. दिसतोय न्हवं हूक?"

हूक दिसत होता. बेल्टाच्या कडीत, चकचकीत.

"आई, चेष्टा करू नगंस. हूक लाव!"

"लावलाय की."

"त्यो तुलाच लावलायस! पायपाला लाव, पायपाला!"

फळी वाजली. बाईंनी तोल सावरायला एक पाय मागे घेतला. मागे फळी जेमतेम वीतभर होती. कुणीतरी "या अल्लाह" म्हणालं. गोरक्ष शिडीकडे धावला, दोन दांड्या सोडून तिसरीवर पाय टाकत वर गेला, आणि फळीवर पळायला लागणार एवढ्यात आईचा आवाज आला. तो आवाज गेटवरचा नव्हता. घरातला होता.

"तिथंच थांब. सुटा माझ्याकडं आलास तर मी मागं सरकीन."

तो थांबला. त्याचे हात मागे गेले, कडीत अडकलेला हूक त्याला पटकन सापडेना. हाताची सवय मोडली होती. सापडला. पायपात बसला. दोन पावलं, दोरी ताणली, हूक काढला, पुढच्या पायपात. पुन्हा दोन पावलं. आम्ही खाली सगळे माना वर करून उभे होतो आणि ती दहा पावलं संपता संपत नव्हती. तिच्यापाशी पोचल्यावर त्याने आधी तिचा हूक तिच्या कमरेतून सोडवला आणि पायपाला लावला. मग तिला धरलं. धरलं म्हणजे दंड धरून गदागदा हलवलं.

"येड लागलंय का तुला? पडली असतीस म्हंजे?"

"किती येळ लागला तुला?" सारजाबाईंनी विचारलं.

"काय?"

"हूक लावत, काढत यायला. किती येळ लागला? मुकादम म्हनतो येक ओळ कमी हुती."

 गोरक्ष फळीवर खाली बसला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसू लागला. खाली रहिमानने हेल्मेट काढून हातात घेतलं होतं.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. पुढे सगळं छान झालं असं मला लिहिता येणार नाही. टोळीचा दिवस बुडाला तो बुडालाच. रुळाचा तुकडा ऑफिसच्या हुकमाने काढून नेला. आता जेवणाला भोंगा वाजतो. विनापरवाना परांचीवर चढल्याबद्दलच्या माफीपत्रावर सारजाबाईंकडून अंगठा नव्हे, सही घेतली गेली, त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. नोकरी राहिली. दोन हुकांचे बेल्ट आले, एक हूक काढताना दुसरा लागलेला राहतो तसे, पण सोळांना नऊ. ते नऊ कुणाला द्यायचे यावरून रोज सकाळी कुरबुर होते. रहिमान स्वतः जुनाच वापरतो आणि लावतो, बहुतेक वेळा.

सारजाबाई आता हेल्मेट वाटून झाली की शिडीच्या तोंडाशी उभ्या राहतात. ते त्यांचं काम नाही. चढणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेची कडी हाताने चाचपतात, हूक तिथे अडकवलेला सापडला की काढून त्याच्या खांद्यावर टाकतात. "लोंबू दे, लोंबू दे, गुडघ्याला लागलं तर मी हळद लावीन." पोरं चिडवतात. "मावशी, गुदगुल्या होतात." त्या थोबाडीत देण्याचा आव आणतात.

त्यांना आता टोले देता येत नाहीत, म्हणून त्यांचा जीव दुसऱ्या जागी अडकून बसलाय. गोरक्ष वर पोचतो, आपली जागा धरतो, हूक पायपाला लावतो आणि हातातल्या पान्याने त्याच पायपावर दोनदा ठोकतो. टण, टण. जागा बदलली की पुन्हा. आईने सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून सुरू केलं, आणि त्याबद्दल कुणी काही बोललेलं आवडत नाही. मिक्सरच्या आवाजात ते खाली कसं ऐकू येतं, देव जाणे. पण ते वाजेपर्यंत बाई पाण्याचा पाइप हातात घेत नाहीत. कालच डंपरवाला हॉर्न मारून थकला.

मिस कॉल बंद आहेत. त्या मला विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. पण पोळी तव्यावर टाकून मी खिडकीशी जाते. परवा दोनदा वाजलं, मी पाहिलं, हूक पायपात होता. आज सकाळी वाजलं तेव्हा तो जाळीच्या आड होता. आमच्या बाजूलाही आता हिरवी जाळी आली आहे, आणि तिच्यामागे निळा शर्ट नुसता डागासारखा हलतो. मी डोळे बारीक करून पाहत राहिले. खाली सारजाबाईंनी पाइप उचलला आणि चाकांवर पाणी सोडलं.